मंगला लक्षद्वीपच्या नावातलं बेट: मिनिकॉयमध्ये अकरा दिवस

केळीबाग_सावदा
८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, लग्न होऊन सावद्याला आले त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हापासून भुसावळ स्टेशनावर 'मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस'ची घोषणा ऐकत आले. ही गाडी दिल्लीहून येते, भुसावळ-जळगावला थांबते आणि कोकणातून एर्नाकुलमला जाऊन संपते. लक्षद्वीप तिच्या नावात आहे, तिच्या रुळांवर नाही. पुढचा रस्ता समुद्रातून जातो. या जानेवारीत तो रस्ता आम्ही दोघांनी पाहिला, म्हणून हा धागा.

जावई हवामान खात्यात आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांची बदली मिनिकॉयच्या वेधशाळेत झाली. लेक फोनवर सांगायची, "आई, इथे एकदा ये, तुला करमेल." माझ्या मनात मात्र शंका होती. आमचं घर माळकरी, त्यात मासेमारांच्या गावात जायचं, खाणार काय आणि बसणार कोणाजवळ? पण लेकीला भेटून दीड वर्ष झालं होतं. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची लागवड उरकलेली, पाण्याच्या पाळ्या धाकट्या दिरांनी अंगावर घेतल्या, आणि आम्ही निघालो.

भुसावळला रात्री गाडीत बसलो. ती रात्र, दुसरा सगळा दिवस आणि परत एक रात्र गाडीतच गेली. कोचीला विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून जहाज. मिनिकॉय कोचीपासून समुद्रातून सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे एक दिवस-रात्र. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी वस्ती दहांवरच आहे, आणि मिनिकॉय त्यांत सगळ्यांत दक्षिणेला, बाकीच्यांपासून फटकून. मधली 'नाइन डिग्री चॅनल' ही सामुद्रधुनी फार रुंद आहे. उलट मालदीव जवळ. म्हणून भाषाही वेगळी. इतर बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली चालते, इथे 'महल' बोलतात, मालदीवच्या धिवेहीची बहीण. लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे. स्वतःच्या बेटाला ही माणसं 'मलिकू' म्हणतात.

सकाळी बेट दिसलं ते डोंगरासारखं नव्हे. पाण्यावर एक हिरवी रेघ आणि तिच्या टोकाला पांढरा दीपस्तंभ, बस. हा दीपस्तंभ इंग्रजांनी १८८५ मध्ये बांधला, अजून चालू आहे. पुढे एका दुपारी आम्ही वर चढलो. ह्यांचे गुडघे दुखतात, तरी चढले. वरून बेटाचा आकार कळतो: विळ्यासारखी वळलेली जमीन, विळ्याच्या पोटात फिकट हिरवं उथळ पाणी, आणि त्यापलीकडे प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी किनार. त्या किनारीच्या बाहेर पाणी एकदम काळंनिळं होतं. आत शांत, बाहेर समुद्र. सगळं गाव त्या आतल्या पाण्याच्या जिवावर आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. चार दिवसांनी कळलं.

बेट पाच चौरस किलोमीटरही नाही, त्यावर दहा हजारांवर माणसं. वस्ती दहा-अकरा 'अवां'मध्ये वाटलेली. अवा म्हणजे वाडी म्हणा. प्रत्येक अवाचा एक कारभारी असतो, त्याला 'बोडुकाका' म्हणतात. बोडु म्हणजे मोठा, आणि काका ऐकायला थेट आपल्या काकांसारखा. बायकांची कारभारीण वेगळी, तिला 'बोडुथाथा' म्हणतात. ती नावापुरती नसते. अवाच्या सामायिक घराची साफसफाई, लग्नातलं काम, कोणी आजारी पडलं तर पाळी लावणं, हे सगळं तिच्या शब्दावर चालतं. इथले बरेच पुरुष जगभरच्या मालवाहू जहाजांवर खलाशी आहेत, सहा-सहा, नऊ-नऊ महिने बाहेर. घर आणि वाडी बायकाच चालवतात. घरही मुलींच्या वंशाने पुढे जातं. गल्ल्या पांढऱ्या वाळूच्या, आणि सकाळी सातच्या आत झाडलेल्या. एक खराटा आपल्या हातात द्यावा असं मला रोज वाटायचं.

लेकीच्या क्वार्टरमागे एक म्हातारी राहते. तिला सगळे थाथा म्हणायचे, मीही म्हणू लागले. तिला तुटकं हिंदी येतं, मला तिची भाषा येत नाही. तिच्या अंगणात मी मासमिन, म्हणजे वाळवलेला ट्यूना मासा पाहिला, आणि तो मला नीट सांगायचा आहे.

ट्यूना मासा आला की थाथा आणि तिच्या दोन सुना विळीसारख्या पात्यावर बसतात. डोकं, पोट काढून टाकतात आणि माशाच्या लांबीत चार फाका करतात. आपण केळीचं घडाचं दांडं उभं चिरतो ना, तशा. मग मोठ्या पातेल्यात खाऱ्या पाण्यात उकडायचं. उकडलेल्या फाका झापांच्या खोपटात माचीवर मांडतात, खाली नारळाच्या सोडणांची धग. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. जाळ वर आला की थाथाची धाकटी सून ओंजळीने पाणी शिंपडायची. त्यानंतर कित्येक दिवस ऊन. रोज पसरायचं, संध्याकाळी आत घ्यायचं. शेवटी तो तुकडा लाकडासारखा होतो. थाथाने माझ्यासमोर दोन तुकडे एकमेकांवर आपटले, टिपऱ्यांसारखा आवाज आला. असा मासमिन वर्षभर टिकतो.

मी मासा खात नाही, वास मला सोसवत नाही. पण तिसऱ्या दिवशी उन्हात पसरलेल्या त्या फाकांजवळ मांजरं हाकलायला मीच काठी घेऊन बसले होते. चैत्रात गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या की आम्ही असंच बसतो. ऊन कुठवर आलं ते बघायचं, कडा उचलून पाहायच्या, उलटायच्या. थाथाने माझा हात बघितला आणि तिने ओळखलं की हिला वाळवण येतं. त्यानंतर तिने मला पाहुणी म्हणून बसवलं नाही.

आठ दिवसांसाठी गेलो होतो. परतीचं जहाज पुढे ढकललं गेलं, म्हणून अकरा दिवस झाले. पुढचं, म्हणजे मासेमारी, ह्यांनी होडीवर जाऊन पाहिली. ते उद्या लिहिते. आता डोळे मिटताहेत.

---

भुसावळ_जंक्शन
८ फेब्रुवारी, रात्री १०:२५

ताई, वाचून मन भरून आलं. मी चौतीस वर्षं रेल्वेत होतो. मंगलाच्या जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या, १२६१७ आणि १२६१८, दोन्ही कितीदा पास केल्या असतील त्याचा हिशेब नाही. एकदाही मनात आलं नाही की शेवटच्या स्टेशनापुढे काय आहे. एक सांगतो, कोणी जाणार असेल तर कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात. जहाजाची वेळ गाठायची असेल तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

---

अमळनेरकर_७२
८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

परवानगीचं कसं? आपल्यासारख्याला सहज जाता येतं का? खर्च, राहणं, जेवण हेही सांगा.

---

केळीबाग_सावदा
९ फेब्रुवारी, दुपारी २:१०

@अमळनेरकर_७२, सहज नाही. आपण भारतीय असलो तरी लक्षद्वीप प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो. आम्हाला लेक-जावयांमुळे मिळाला, पोलिसांचा दाखलाही जोडावा लागला. ज्यांचं तिथे कोणी नाही त्यांनी सरकारी सहलीतून जावं. 'समुद्रम' नावाची जहाजाची सहल कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दाखवते. दिवसा बेटावर, रात्री जहाजात झोपायचं. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्जाआधी प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघा. खर्चाचा आकडा देत नाही, आमचं राहणं-खाणं घरचं होतं, त्यावरून तुमची दिशाभूल होईल. पावसाळ्यात जाऊ नका, जहाजं कमी होतात आणि समुद्र खवळलेला असतो.

जेवणाचं म्हणाल तर भात, नारळ, शेवग्याचा पाला, आणि विलायती फणस. हा फणस त्यांच्याकडे अंगणातच असतो, कच्चा उकडला की बटाट्यासारखा लागतो. बाकी भाजीपाला मुख्य भूमीवरून जहाजाने येतो. जहाज उशिरा आलं की कांदा संपतो. एके दिवशी धक्क्यावर केळीच्या फण्यांची खोकी उतरताना पाहिली. तिथेही थोडी केळी होते, पण पुरत नाही. ह्यांनी एक फणी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "हिचा घड चार दिवस लवकर कापला आहे."

कपडे अंगभर घाला. गाव मुस्लीम आहे, दारूबंदी आहे, आणि माणसं सभ्य आहेत. फोटो काढण्याआधी विचारा. रात्री दार नुसतं लोटलं तरी चालतं. बेटावर कुत्री नाहीत, त्यामुळे रात्र इतकी शांत की पहिल्या दोन रात्री मला झोपच लागली नाही.

आता मासेमारी. ह्यांनी सांगितलं तसं लिहिते.

पहाटे होडी आधी बाहेर जातच नाही. आतल्या उथळ पाण्यात, प्रवाळाच्या झुडपांजवळ जाते. तिथे बोटाएवढ्या चंदेरी माशांचे थवे असतात. बारीक जाळं पाण्यात पसरून, त्यावर खाणं टाकून, ते मासे जिवंत धरतात. होडीच्या तळाला एक हौद असतो, त्याला भोकं असतात. समुद्राचं पाणी आत येतं-जातं, म्हणून मासे जिवंत राहतात. हा चारा. चारा मिळाला तरच होडी खोल समुद्रात जाते. नाही मिळाला तर त्या दिवशी सुट्टी, कितीही ऊन असो, कितीही शांत समुद्र असो.

बाहेर पक्ष्यांचा थवा कुठे पाण्यावर घिरट्या घालतो ते बघतात. तिथे ट्यूनाचा थवा असतो. मग एक जण मूठ-मूठ जिवंत चारा पाण्यात फेकतो, आणि मागच्या बाजूने पाण्याचे फवारे उडवतात. ट्यूनाला वाटतं पाण्यावर छोटे मासे उसळताहेत. तो वेडा होऊन वर येतो. होडीच्या मागच्या फळीवर माणसं ओळीने उभी, हातात लांब काठी, काठीला दोरी, दोरीला गळ. गळ टाकला, मासा लागला, खांद्यावरून मागे झटका. मासा हवेतच गळातून सुटून होडीत पडतो, आणि गळ परत पाण्यात. एक माणूस, एक काठी, एका वेळी एक मासा. ह्यांनी मोजायचा प्रयत्न केला, पण चाळिसाच्या पुढे नजर टिकली नाही. दहा-पंधरा मिनिटांत थवा खाली गेला आणि सगळं थांबलं.

होडीच्या मालकाने ह्यांना एक जुना गळ दिला. आत्ता तो माझ्या तळहातावर आहे. करंगळीएवढा, जाड तारेचा, टोक गुळगुळीत. आपल्याकडच्या गळाला टोकाशी उलटा दात असतो, मासा सुटू नये म्हणून. याला तो नाही. इथे मासा लगेच सुटायलाच हवा.

---

हतनूर_काठ
९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

वहिनी, राम राम. आम्ही भोई. हतनूर धरणाच्या फुगवट्यात माझ्या वडिलांनी मासे धरले, मी धरतो. तुम्ही लिहिलंत ते मी आईला वाचून दाखवलं.

आमच्याकडे सोसायटी पावसाळ्यात मत्स्यबीज सोडते. रोहू, कटला, मृगळ. बोटाएवढ्या पिल्लाला आम्ही बोटुकली म्हणतो. ती वर्षभर वाढली तर पोट भरतं. काही जण बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं लावतात आणि बोटुकलीच उचलतात. त्याच्यावर आमची दरवर्षी भांडणं होतात. तिथे बोटाएवढा मासा धरतात तो खायला नाही, चाऱ्याला. मग तो संपत नाही का? कोण किती धरतो यावर कोणाचं लक्ष असतं? मला हे खरंच जाणून घ्यायचं आहे.

---

केळीबाग_सावदा
९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

भाऊ, हाच प्रश्न ह्यांनी तिथे विचारला होता.

चाऱ्याचं पाणी सगळ्या बेटाचं आहे. जाळं कुठे टाकायचं, कुठे नाही, हे जुनी माणसं सांगतात. होडीवाले एकमेकांना ओळखतात, कोणी जास्त उचलून फुकट मारला तर संध्याकाळी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. हौदात मावतो तेवढाच चारा जिवंत राहतो, त्यामुळे जास्त धरून फायदाही नसतो.

पण त्यांची खरी काळजी वेगळी आहे. हे छोटे मासे प्रवाळाच्या आडोशाने राहतात. समुद्राचं पाणी जास्त दिवस तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ मध्येही झालं. प्रवाळ मेलं की आडोसा गेला, आडोसा गेला की चारा कमी, आणि चारा नाही तर बाहेर कितीही ट्यूना असला तरी तो वर येणार कसा? होडीचा मालक ह्यांना पाण्यात बोट दाखवून सांगत होता, इथे माझ्या लहानपणी झुडपं होती, आता दगड आहेत. वर दीपस्तंभावरून मी जे सुंदर हिरवं पाणी पाहिलं, त्यातला कुठला भाग जिवंत आणि कुठला मेलेला हे मला वरून कळलं नव्हतं.

---

माहेर_चोपडा
१० फेब्रुवारी, सकाळी ११:२०

माझं माहेर चोपडा, सासर मालवण. सासऱ्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं होतं. ताईंनी लिहिलेली एक काठी-एक मासा ही गोष्ट वाचली आणि आमच्याकडचं भांडण आठवलं. पर्ससीनच्या जाळ्यात अख्खा थवाच येतो, लहानमोठा सगळा. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं घातली, एलईडीच्या प्रकाशात मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की दूर उजेड दिसतो. रापणीवाल्यांना त्या उजेडाचा संताप येतो तो काय असतो हे माहेरी कोणाला सांगून कळत नाही. म्हणून खानदेशातल्या बाईने हे इतक्या आपुलकीने लिहिलेलं वाचून मला रडू आलं. ताई, तिथे मोठी जाळी येत नाहीत का?

---

केळीबाग_सावदा
१० फेब्रुवारी, दुपारी ३:००

@माहेर_चोपडा, मिनिकॉयच्या लोकांनी आजवर काठी-गळच धरून ठेवला आहे, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. बाहेरच्या मोठ्या होड्यांबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज चढतो. तुझ्या सासऱ्यांना नमस्कार सांग.

मालाच्या भावाचं दुखणं सगळीकडे तेच. मासमिन व्यापाऱ्याकडे जातो, श्रीलंकेच्या स्वयंपाकात त्याला मोठी मागणी आहे. थाथाचा मुलगा म्हणाला, जहाज कधी येणार ते व्यापाऱ्याला माहीत असतं, आम्हाला नसतं, म्हणून भाव तो ठरवतो. हे ऐकून आमचे हे एकदम उठून बसले. आपल्याकडे केळीला बोर्डावर एक भाव लागतो आणि बांधावर दुसरा मिळतो. कापलेला घड थांबत नाही, म्हणून आपण देऊन टाकतो. मासमिन तरी वर्षभर टिकतो, तो ठेवून बसता येतं. हे म्हणाले, "मग ठेवून का बसत नाही?" तो म्हणाला, "मुलांच्या फीची तारीख मासमिनासाठी थांबत नाही." त्यावर दोघंही बराच वेळ गप्प होते.

---

पांझराकाठ
१० फेब्रुवारी, रात्री ८:१५

ताई, गैरं भारी लिखेल शे. मी साक्री तालुकाना शे. आमना गावले उन्हायामा पानीना टँकर येस, म्हनीसन इचारस. चारीबाजूले खारं पानी, मंग तठे पेवाले पानी कोठेन येस?

---

केळीबाग_सावदा
१० फेब्रुवारी, रात्री १०:००

@पांझराकाठ, भाऊ, हा प्रश्न मलाही पहिल्याच दिवशी पडला. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण आपण यावल-रावेरची माणसं बोअर किती फूट खाली गेलं यावरच बोलत असतो.

बेटावर नदी नाही, नाला नाही. वाळूत पडलेलं पावसाचं पाणी खाली मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं पाणी हलकं असतं म्हणून. मध्ये थर जाड, किनाऱ्याकडे पातळ होत जाणारा. विहीर पुरुषभरही खोल नसते. लेकीच्या क्वार्टरमागच्या विहिरीत वाकलं तर हात पोचेल असं पाणी. पण मोटर लावून जोरात उपसलं की खालचं खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की पुढचे कित्येक पाऊस ते खाली बसत नाही. म्हणून थाथा पोहऱ्याने काढायची. मी सवयीने दुसरी बादली भरायला गेले तर तिने माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला. बोलली काही नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही सातशे-आठशे फुटांवरून पाणी ओढतो. वर ठिबक लावलं म्हणून स्वतःला शहाणे समजतो, आणि क्षेत्र वाढवत जातो. आमच्याकडे पाणी खाली जातं ते दिसत नाही. तिच्याकडे ते एका बादलीत जिभेला कळतं. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी दोन एकर केळी कमी करू. हे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पण आल्यावर वहीत मृगबागेचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीचा हिशेब मांडताना त्यांनी खालच्या शेतात केळी धरलेली नाही, तिथे हरभरा आहे.

आता विहिरींशिवायही एक सोय झाली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला आणि २०११ मध्ये मिनिकॉय नि अगत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारी केंद्रं उभारली. प्रत्येकाची ताकद रोज एक लाख लिटर. जावयांनी दाखवायला नेलं. वरचं कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडतात, तिथे ते कमी उष्णतेतही वाफ होतं. साडेतीनशे मीटर खोलीवरून लांब पाइपातून थंडगार पाणी वर ओढतात, त्याच्या थंडाव्याने वाफेचं गोडं पाणी होतं. आधण ठेवावं लागत नाही. नळाला रोज ठरावीक वेळी पाणी येतं, घरातल्या पोरी हंडे घेऊन आधीच उभ्या असतात. ते दृश्य मात्र आपल्या गावचंच.

---

पांझराकाठ
१० फेब्रुवारी, रात्री १०:४०

ताई, मनगटवर हात ठेवा ती गोष्ट आमनी मायले सांगी. ती काही बोलनी नही. मंग उठीसन माठवरनं झाकण बराबर करी उनी.

---

तळोदा_वाचक
११ फेब्रुवारी, सकाळी ९:००

एक मनापासून सांगतो, राग मानू नका. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला गेले आणि त्यानंतर जो तो लक्षद्वीपच शोधू लागला. अशा धाग्यांमुळे गर्दी वाढते. जिथे एक बादली पाणीही मोजून घ्यावं लागतं तिथे पर्यटक गेले तर काय होईल? आमच्या तोरणमाळला सुट्टीत जी गर्दी आणि प्लास्टिक होतं ते पाहून मी हे लिहितो आहे.

---

केळीबाग_सावदा
११ फेब्रुवारी, दुपारी १:३०

राग कसला भाऊ, हे मलाही खात होतं. धागा टाकण्याआधी दोन दिवस थांबले त्याचं कारण हेच.

मी थाथाच्या सुनेला विचारलं होतं, बाहेरची माणसं आली तर आवडतं का? ती म्हणाली, येतात ते वाळू बघतात, पाणी बघतात, फोटो काढतात आणि जातात. आम्ही कोण, काय करतो, हे कोणी विचारत नाही. तुझ्या आईसारखी काठी घेऊन कोणी बसत नाही. हे ती माझ्या लेकीला म्हणाली.

म्हणून मी किनाऱ्याचं वर्णन कमी लिहिलं आणि फोटो टाकले नाहीत. परवान्याची अट काहींना जाच वाटते. मला तिथे राहून ती योग्य वाटली. तिच्यामुळेच जहाजातून किती माणसं उतरतात यावर कोणाचं तरी लक्ष राहतं. जो जाईल त्याने आपला कचरा परत आणावा, पाणी मागून घ्यावं. आणि शक्य असेल तर एक सकाळ किनाऱ्यावर होड्या येताना उभं राहावं. तेव्हा सगळी वाडी तिथे असते. मासे वाटले जातात, होडीवाल्यांचा वाटा, मालकाचा वाटा, आणि ज्या घरात पुरुष नाही त्या घरीही एक मासा जातो.

---

हतनूर_काठ
११ फेब्रुवारी, रात्री ८:००

वहिनी, तो बिनदाताचा गळ एकदा बघायला मिळेल का? सावद्याला बाजारच्या दिवशी येतो मी.

---

केळीबाग_सावदा
११ फेब्रुवारी, रात्री ८:४५

या भाऊ. आईंनाही आणा. जेवूनच जा, भरीत आणि कळण्याची भाकरी करते.

---

केळीबाग_सावदा
२९ मे, सकाळी ७:५०

धागा वर आणते आहे, कारण जावयांचा आत्ताच फोन आला.

केरळात मान्सून आला हे हवामान खातं कसं ठरवतं ते मला या वयात कळलं. १० मे नंतर ठरवलेल्या १४ ठिकाणांपैकी निदान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला पाहिजे, शिवाय वारा आणि ढगांच्याही अटी असतात. त्या १४ ठिकाणांत मिनिकॉय आहे. म्हणजे आपण इथे ज्या पावसाची वाट बघतो, त्याचं एक माप जावई रोज सकाळी त्या अंगणातल्या यंत्रातून घेतात. काल रात्रीपासून तिथे कोसळतो आहे. जावई म्हणाले, "आई, होड्या सगळ्या वर ओढल्या, झापांखाली झाकल्या. आता दोन-तीन महिने समुद्रात कोणी जाणार नाही." थाथाने शेवटचा मासमिन पोत्यात भरून माळ्यावर टाकला आहे, आणि माझ्यासाठी विलायती फणसाच्या वाळवलेल्या चकत्या जहाजाने पाठवल्या आहेत. जहाज कधी निघेल ते ठरलेलं नाही.

आमच्याकडे खालचं शेत नांगरून झालं. वरच्या शेतात ठिबकच्या नळ्या अंथरल्या, रोपं सांगून ठेवली आहेत.

---

हतनूर_काठ
२९ मे, सकाळी ८:३०

वहिनी, आमचीही जाळी आवरली. पहिल्या पाण्याला मासा अंड्यावर येतो, तेव्हा आम्ही हात लावत नाही. बोटुकलीची गाडी जुलैत येईल असं सोसायटी म्हणते. यंदा बारीक आसाचं जाळं कोणी लावायचं नाही असं बैठकीत ठरलं. तुमच्याकडचा तो गळ मी बैठकीत दाखवला, सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. बाजारच्या दिवशी परत आणून देतो.